एक झाड तसंच राहू द्या

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला, की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुलिंब-बाभळीवर जाऊन बसतात, हे शेतकरी श्रोत्यांना सांगायला नको. पण शहरातले श्रोतेही विचारतात, सोसायटीतला सावलीचा कडुलिंब पार कुरतडला, कोणतं औषध मारू? कुणी सांगतं, सगळ्या झाडांवर मारलं, गुण आला. मी विचारतो, न फवारलेलं झाड कुठं आहे?

नवं विरजण चांगलं की नाही, हे घरात कसं पाहाल? वैशाखात नुसतं ठेवलेलं दूधही आंबतं. म्हणून एका पातेल्यात विरजण घालायचं, दुसऱ्यात नाही. दूध एकच, फळीही एकच. एक पातेलं चुलीशेजारी ठेवलंत, तर गुण विरजणाचा की उबेचा, कोण सांगणार?

झाडांचंही तेच. भुंगेऱ्यांची झुंबड काही दिवसांनी आपोआप ओसरते, कडुलिंब पुन्हा पालवी फोडतो. नेमकं त्याच सुमाराला फवारलंत, की श्रेय औषधाला. भुंगेरे दिव्याकडे ओढले जातात, म्हणून दिव्याखालचं झाड आणि अंधारातलं झाड यांची तुलना नको. सारख्या वाढीची चार-सहा झाडं तरी घ्या आणि कोणती फवारायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपण निवडलं, की हात सर्वांत खराब झाडाकडेच जातो.

मेलेले भुंगेरे मोजून समाधान मानू नका. भुंगेरे रात्री खातात आणि उजाडायच्या आत मातीत शिरतात. मोजायचं ते पान. फवारणीआधी फांदीला सुतळी बांधा. त्या फांदीवरची पानं किती, कडेनं कुरतडलेली किती, नुसती शीर उरलेली किती, हे वहीत लिहा. न फवारलेल्या झाडावरही. पुन्हा सांगतो, न फवारलेल्या झाडावरही!

इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मधमाश्यांना घातक आहे, फुललेल्या झाडावर ते अजिबात नको. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायची रीतही याच पद्धतीनं, शेजारी एक झाड तसंच ठेवून, तपासता येईल. याच भुंगेऱ्यांच्या जमिनीतल्या अळीचं मात्र आज राहिलं, वेळ संपत आली. एवढं करा, सोडलेल्या झाडांना ठळक पट्टी बांधा आणि माळीबुवांना आधी सांगून ठेवा. नाही तर ते मायेनं त्यांच्यावरही पंप मारून जातील.