परमुलखातला आपला माणूस



आमच्या गटातल्या एका ताईंचा दीर आखातात कामाला गेला आणि तिथंच अडकला. मालकानं पासपोर्ट ठेवून घेतलेला, चार महिन्यांचा पगार थकलेला. घरच्यांनी एजंटाच्या दारात खेटे घातले. शेवटी कुणीतरी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'भारताचा महावाणिज्य दूतावास'. ताई चिठ्ठी घेऊन बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर व्यापाऱ्यांचं ऑफिस दिसतंय. आपल्या मजुराचं तिथं काय काम?" आम्हालाही उत्तर देता आलं नाही. म्हणून आज त्या नावाचीच गोष्ट सांगायची आहे.

जुन्या ग्रीसमध्ये एकेक शहर म्हणजे वेगळं राज्य. स्पार्टाचा माणूस अथेन्सला गेला की तिथं तो परका. त्याची बाजू कोण घेणार? म्हणून अथेन्समधलाच एखादा वजनदार माणूस स्पार्टाच्या लोकांची काळजी वाहायचा. अथेन्सचा सेनापती किमोन हे काम करी. त्याला त्या गावाचा एवढा लळा, की त्यानं मुलाचं नावच ठेवलं लाकेदेमोनियस. आपल्या भाषेत 'स्पार्टेकर'च म्हणा ना!

पुढं इटलीतल्या जिनोआ, पिसा, व्हेनिस या बंदरांतले व्यापारी जहाजं घेऊन इजिप्त-सीरियाच्या किनाऱ्याला जाऊ लागले. आपल्या मलबारची मिरी त्याच वाटेनं युरोपात जायची. परक्या बंदरात महिनोन्‌महिने मुक्काम. आपसात तंटा झाला, एखादा तिथंच वारला, तर त्याच्या मालाचं काय? असे तंटे सोडवायला आणि तिथल्या राज्यकर्त्यांशी बोलायला त्यांचा एक प्रमुख असे. त्याला म्हणत कॉन्सुल. शब्द जुन्या रोमचा. तिथं दर वर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांना तो होता. व्यापाऱ्यांनी तो उचलला, आणि म्हणून आपल्याकडे कॉन्सुल झाला 'वाणिज्य दूत'. तेव्हा ताईंचं अगदीच चुकलं नव्हतं.

आता मात्र काम पालटलंय. राजदूत राजधानीत बसतो आणि सरकारशी बोलतो. वाणिज्य दूत व्यापाराचंही बघतो, पण त्याच्या दारात जास्त गर्दी असते ती साध्या माणसांची. हरवलेला पासपोर्ट, परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद, जमिनीच्या कामासाठी पाठवायच्या कुलमुखत्यारपत्रावर सही-शिक्का. आणि कुणाचा तिकडं मृत्यू झाला, तर देह गावी आणण्याचे कागदही तिथूनच होतात.

1963 साली व्हिएन्नात यासाठी देशादेशांचा करार झाला. परक्या देशात पोलिसांनी पकडलं, तर 'माझ्या देशाच्या वाणिज्य दूताला कळवा' असं म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि हा हक्क आहे हे पोलिसांनी त्याला विनाविलंब सांगायचं असतं. कुलभूषण जाधव यांचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. पाकिस्ताननं आपल्या अधिकाऱ्यांना त्यांना भेटू दिलं नाही, म्हणून भारत 2017 साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 17 जुलै 2019 ला न्यायालयानं सांगितलं, की पाकिस्ताननं हा करार मोडला. शिक्षेचा फेरविचार करा. सुटकेची मागणी मात्र मान्य झाली नाही.

हेही सांगायला हवं, की वाणिज्य दूत म्हणजे जादूगार नव्हे. तो तुरुंगाचं कुलूप उघडू शकत नाही, कोर्टात वकील म्हणून उभा राहत नाही. पण तो भेटायला जातो, वकिलांची नावं देतो, मालकाशी बोलतो, पासपोर्ट नसेल तर एकदाच मायदेशी येण्यापुरता दाखला देतो. घरच्यांना सरकारच्या 'मदद' या संकेतस्थळावर इथूनही तक्रार करता येते.

तक्रार भरायला बसलो, तेव्हा दिराचा पासपोर्ट नंबर कुणालाच माहीत नव्हता. दोन दिवस घर शोधलं. सासूबाईंच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या खाली, एक झेरॉक्स निघाली. जाताना त्यानंच ठेवलेली, घडी पडलेली. त्या नंबरावर काम पुढं सरकलं. दीड महिन्यानं तो घरी आला, चारपैकी दोन महिन्यांचा पगार घेऊन. उरलेल्या दोन महिन्यांसाठी पत्रव्यवहार चालू आहे.

आता आमच्या गटात ज्यांचं कुणी बाहेरदेशी आहे, त्या सगळ्यांच्या पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स एका फायलीत लावल्या आहेत. फाईल अध्यक्षताईंच्या कपाटात असते, बचतीच्या वहीशेजारी.