उभ्या मोटारीची परीक्षा



चालती मोटार धूर सोडते हे आपण रोज पाहतो. पण इंजिन बंद करून उन्हात उभी केलेली मोटारही हवा बिघडवते, हे सहसा ध्यानात येत नाही. टाकी तापली की पेट्रोलची वाफ सुटते. अशा वाफांवर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन लॉस एंजलिसचे धुरके बनते, हे हागेन-स्मिट यांनी 1950 नंतरच्या वर्षांत दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियाने 1970च्या मोटारींपासून या वाफेला मर्यादा घातली.

वाफ अडवण्यासाठी मोटारीत सक्रिय कोळशाचा डबा असतो. तो वाफ धरून ठेवतो. मोटार चालू लागली की ती वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते. या योजनेची परीक्षा हवाबंद खोलीत होते. मात्र परीक्षेचे खरे मर्म तयारीत आहे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील रीत पाहा. टाकीतले पेट्रोल काढून ठरावीक प्रतीचे पेट्रोल 40 टक्के भरतात. मोटार फिरत्या रुळांवर चालवतात. पुन्हा टाकी रिकामी करून तितकेच पेट्रोल भरतात आणि मोटार 12 ते 36 तास उभी ठेवतात. तेवढ्यात कोळशाच्या डब्यात ब्युटेन सोडतात. तीन दिवसांच्या चाचणीत तर डब्याच्या धारणशक्तीच्या दीडपट! रिकामा डबा घेऊन परीक्षेस बसणे सोपे. पण रोजच्या उन्हातला डबा रिकामा कुठे असतो? तो भरलेला असताना इंजिन त्याला कितपत रिता करते, हेच तर पाहायचे.

दुसरी काळजी उलट दिशेची. नवे टायर, रंग, गाद्या यांतूनही वाफा निघतात, आणि मोजणारे यंत्र वाफ कोठली हे विचारीत नाही. आपल्या देशात पेट्रोल मोटारींस एका चाचणीत 2 ग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे जेमतेम अर्धा चहाचा चमचा पेट्रोल! भरताना तेवढे सांडले, तर निर्दोष मोटारही नापास व्हायची.

तेव्हा श्रोतेहो, परक्याचा दोष माथी येऊ द्यायचा नाही आणि स्वतःचे ओझे लपवायचे नाही, एवढीच ही तयारी. परीक्षा मोटारीची असो वा माणसाची, याहून निराळी तयारी आम्हांस तरी ठाऊक नाही.