क्लाउड इमेज : काय ठेवावे, काय वगळावे



आपल्या जोगेश्वरीत अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी सीप्झमधल्या संगणक कंपन्यांत कामाला आहे. त्यांच्या रोजच्या कामातला एक प्रश्न आज मांडतो. आपण वापरतो त्या अनेक ऑनलाइन सेवा ज्या सर्व्हरवर चालतात, ते आता बहुधा एका तयार साच्यातून उभे केले जातात. त्या साच्याला क्लाउड इमेज म्हणतात. एका इमेजमधून हजारो सर्व्हर निघतात, म्हणून तिच्यातली चूकही हजार ठिकाणी पोचते.

वगळायला सुरुवात करणे सोपे असते. क्लाउडमधल्या आभासी सर्व्हरला वायफाय, ब्लूटूथ, स्पीकर, प्रिंटर यांतले काहीच नसते. त्यांचे ड्रायव्हर आणि फर्मवेअर खुशाल काढावे. डेबियन या लिनक्स वितरणाने तर क्लाउडसाठी वेगळा, हलका कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, दिला आहे. पण पुढे गुंता आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा जड म्हणून काढायला जावे, तर सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना त्याला नाव, नेटवर्क आणि मालकाची किल्ली देणारे क्लाउड-इनिट हे साधन पायथनमध्येच लिहिलेले असते. म्हणून पहिली कसोटी अशी: सर्व्हर सुरू होणे, नेटवर्कला जोडला जाणे, मालकाला आत घेणे आणि अद्ययावत होणे, एवढ्याला जे लागते ते ठेवा. बाकीचे मागाहून बसवता येते.

जास्तीचे ठेवले तर बिघडते काय? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला लागणारा किंचितसा उशीर खटकला आणि त्यातून ती उघड झाली. मुळात दुरून लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचला एक्सझेडच्या लायब्ररीची गरजच नाही. काही लिनक्स वितरणांनी त्याची सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीशी जोडणी केली आणि त्या मार्गाने ती आत आली. आत घेतलेल्या प्रत्येक पॅकेजची राखण आपल्याच गळ्यात पडते, हा त्याचा धडा.

तरीही मेगाबाइट मोजून कात्री चालवणे मला मान्य नाही. काही गोष्टी काढल्या की सर्व्हर बंद पडत नाही. तो गुपचूप चुकीचे उत्तर देतो. आल्पाइन या हलक्या लिनक्स वितरणाच्या मूळ इमेजमध्ये टाइमझोनची माहिती नसते. सर्व्हरच्या घड्याळावर विसंबलेला प्रोग्राम मग जागतिक वेळ धरतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मुंबईत १ एप्रिलला पहाटे दोन वाजता भरलेली रक्कम ३१ मार्चची ठरते, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाते!

भाषेचेही तसेच. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत तो ल आणि व यांच्या मध्ये आहे. मराठीची लोकेल माहिती, म्हणजे भाषेच्या क्रमाचे नियम, काढून टाकली की स्थानकांची यादी केवळ क्रमांकांवर लागते आणि कसाऱ्याच्या आधी कळवा येते. मतदारयादीत किंवा ग्रंथालयाच्या सूचीत असे झाले, तर शोधणारा वर्णक्रमातल्या जागी शोधतो आणि नाव तिथे नसते. म्हणून दुसरी कसोटी: जे काढल्यावर उत्तर गुपचूप चुकते, तेही ठेवा.

मराठीची ही सोय आपोआप आलेली नाही. जोगेश्वरीपासून जवळच, जुहूला, १९८५ साली स्थापन झालेली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संस्था आज सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचा भाग आहे. लिनक्समध्ये भारतीय भाषा आणण्यासाठी तिथे इंडिक्स प्रकल्पात काम झाले. अशा श्रमांतून मिळालेली सोय इमेज बनवणाऱ्या स्क्रिप्टमधल्या एका ओळीने पुसली जाते, आणि पुसणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून या क्षेत्रातल्या तरुणांना माझी विनंती आहे. इमेजमधल्या प्रत्येक पॅकेजपुढे ते का ठेवले हे एका वाक्यात लिहा, आणि वगळलेल्यापुढे ते का वगळले हेही लिहा. कारण सांगता येत नसेल, तर तो निर्णय झालेलाच नाही असे समजा. आणि इमेज पुढे पाठवण्यापूर्वी तिच्यावर मराठी नावांची एक यादी लावून बघा, एप्रिलच्या पहिल्या पहाटेची एक तारीख तपासून बघा. या दोन चाचण्यांत जी इमेज टिकेल, तीच महाराष्ट्राच्या कामाची.