न जेवणाऱ्या मुली
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘आहार आणि आरोग्य’. परंतु भाजी किती खावी, दूध किती प्यावे, हे तुम्ही सगळ्याजणी जाणताच. मी आज न जेवणाऱ्या मुलींविषयी बोलणार आहे.

ॲनोरेक्सिया नावाचा एक आजार आहे. अंगाची काडी झाली तरी मुलीला आपण जाडच आहोत असे वाटते. पाळी थांबते, सारखी थंडी वाजते, तरी ताट पुढे सरकवते. आपल्याकडे तिला ‘नखरेल’ म्हणून मोकळे होतात. आणि तिने त्याला उपासाचे नाव दिले, की कौतुकच! पण उपास करणारी बाई पारण्याला आनंदाने बसते, ही मुलगी पारणेही चुकवते. खूण ओळखायची ती तिथेच.

हा दोष नुसत्या मनाचा नाही. विरजणात जसे जिवंत जंतू असतात, तसे आपल्या आतड्यांतही कोट्यवधी असतात. भाजी, डाळ, भाकरी यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो पुष्कळांचे अन्न. विरजणाला दूध घातले नाही तर त्याचे काय होते, हे मी तुम्हांला काय सांगावे? २०१५ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी या आजाराने इस्पितळात आलेल्या १६ स्त्रियांचे शौच तपासले. जंतूंचे प्रकार कमी भरले, आणि त्यांच्या उदासीशी त्याचा संबंध दिसला. वजन वाढल्यावर प्रकार वाढले, पण निरोगी स्त्रियांइतके नाहीत. पुढे २०२३ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी रोगी स्त्रियांचे जंतू उंदरांच्या पोटात सोडले. मोजके अन्न दिल्यावर ते उंदीर, निरोगी स्त्रियांचे जंतू दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त वाळले. जंतू हे मूळ कारण की उपासमारीचा परिणाम, याचा निवाडा अजून व्हायचा आहे.

उपासमारीने मन बिघडते हे मात्र जुनेच. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते उदास, चिडखोर झाले. काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले! चांगले पुरुष असे होतात, तर पंधरा वर्षांच्या पोरीची काय कथा?

तेव्हा ‘चार धपाटे घाला, जेवेल’ हा सल्ला कोणी देऊ नये. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या मुलीला एकदम तूपलाडूंचा माराही करू नये. रक्तातले क्षार एकाएकी घसरून जिवावर बेतते. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवायचा, आणि मनाच्या डॉक्टरांकडेही न्यायचे. त्यात लाज कसली? दही-ताक चांगलेच, पण त्याने हा आजार बरा होत नाही.

शेवटी एक सूचना. येत्या हळदीकुंकवाला कोणाच्याही मुलीला ‘किती गं सुटलीस!’ असे म्हणायचे नाही, एवढे अध्यक्षबाईंनी मंडळाच्या वहीत लिहून घ्यावे.