निसटलेला स्टेंट



एका बाजूस सिमेंट, दुसऱ्या बाजूस पोलाद, अशा जामुल-भिलाईच्या कामगार वस्तीत धातूची ओळख कोणास करून द्यावी लागत नाही. येथील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. हृदयाच्या धमनीत बसणारा स्टेंटही आरंभी गंजरोधक पोलादाचाच होता; आता तो बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाची अरुंद धमनी प्रथम फुग्याने रुंद केली. त्या फुग्याचे आरंभीचे नमुने त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात घडविले होते. शस्त्रक्रियेचे पथक मात्र त्या दिवशी सज्ज ठेवलेले होते. साधन दगा देऊ शकते, हे प्रथमपासून गृहीतच होते. १९८६ मध्ये स्टेंट आला आणि पुढे फुग्यावर बसविलेल्या स्टेंटबरोबर नवी अडचण आली : स्टेंट फुग्यावरून निसटण्याची.

धमनी चुन्याने कठीण व वळणाची असली, की स्टेंट पुढे सरकत नाही. तो मागे घेताना नळीच्या तोंडाशी अडकतो आणि न उघडताच सुटून राहतो. अशा वेळी घाबरून तार ओढणे हीच सर्वांत मोठी चूक. सुमारे ०.३६ मि.मी. जाडीची ती तार स्टेंटमधून गेलेली असते, तोवर त्याच्यापर्यंत वाट असते. त्याच तारेवरून बारीक फुगा स्टेंटच्या पलीकडे नेऊन फुगवितात आणि दोन्ही हळूहळू मागे घेतात. तेही न साधल्यास फासाच्या तारेने स्टेंट पकडतात. पण ओढाताणीत धमनी फाटण्याचे भय असल्यास दुसऱ्या स्टेंटने तो भिंतीशी चेपून तेथेच ठेवितात. नातेवाइकांना हे अपयश वाटते; वस्तुतः पुष्कळदा तोच शहाणपणाचा निर्णय असतो.

धमनीस छिद्र पडल्यास तर क्षणाचाही विलंब चालत नाही : फुगा फुगवून रक्त थोपवायचे, मग आवरणयुक्त स्टेंट बसवायचा, हृदयावरणात रक्त साचले असेल तर ते सुईने काढायचे.

संमतिपत्रावर सही करताना पालकांनी एवढे अवश्य विचारावे : साधन अडकले तर येथे ते सोडविण्याची सामग्री आहे काय? शस्त्रक्रियेची सोय किती अंतरावर? हे विचारणे अविश्वासाचे लक्षण नव्हे. आणि स्टेंट चेपून ठेवला असेल तर तशी नोंद डिस्चार्ज कार्डावर मागून घ्यावी; पुढे अन्य रुग्णालयात अँजिओग्राफी करणाऱ्यास पडद्यावरील ती सावली कशाची, हे त्या नोंदीवरूनच कळते.