रंगभवन ते डोंबिवली, शेवटच्या लोकलनं



डोंबिवली म्हटलं की फडके रोड, गणपती मंदिर, गाण्याच्या मैफली हे ओघानं येतंच आणि ते यायलाच हवं. पण ऐंशीच्या दशकात याच डोंबिवलीत, कल्याणात, ठाण्यात काही पोरं अशीही होती, की ज्यांच्या दप्तरात वह्यांच्या मध्ये डीप पर्पल आणि लेड झेपेलिन या रॉक बँडच्या कॅसेट असायच्या. मी त्यांच्यातलाच एक. आमच्या या वेडाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून आज बोलतो.

हे संगीत आमच्या घरात शिरलं ते रेडिओवरून. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर शनिवारी रात्री ‘सॅटर्डे डेट’ हा कार्यक्रम लागायचा. घरात निजानीज झालेली असायची. आवाज अगदी बारीक करून, कान रेडिओला टेकवून आम्ही ऐकायचो. लाँगप्ले विकत घेणं तेव्हा परवडण्यातलं नव्हतं. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन कव्हरं न्याहाळायची, बूथमध्ये उभं राहून जमेल तेवढं ऐकायचं आणि परत यायचं.

मग कुणाचा तरी मामा बोटीवर असायचा, कुणाचे काका आखातात. त्यांनी एक रेकॉर्ड आणली की ती सगळ्या वाडीची व्हायची. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणायची. तिची एक बाजू 45 मिनिटांची. पिंक फ्लॉइडची ‘डार्क साइड ऑफ द मून’ जेमतेम 43 मिनिटांची, म्हणजे अख्खी एका बाजूला बसायची. झेपेलिनचा चौथा अल्बम तेवढाच, तो दुसऱ्या बाजूला. ज्याचं अक्षर चांगलं, त्यानं आतल्या कार्डावर गाण्यांची नावं लिहायची. ती कॅसेट मग आमच्याकडून ठाण्याला, ठाण्याहून कल्याणला जायची. प्रत्येक कॉपीला खरखर थोडी वाढायची. त्या खरखरीसकट आम्हाला ती गाणी पाठ होती.

याच झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट 1972 साली मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी रेकॉर्ड केली होती, हे आम्हाला कळलं तेव्हा केवढं अप्रूप वाटलं होतं! ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला 2015 साल उजाडलं.

आता रंगभवन. धोबी तलावचं, झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं सरकारी खुलं नाट्यगृह. 26 मार्च 1980 रोजी इंग्लंडच्या ‘द पोलीस’ या बँडचा कार्यक्रम तिथे झाला. तो घडवून आणला ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या मुंबईतल्या प्रतिष्ठित महिलांच्या संस्थेनं. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वाडीतला एक दादा जाऊन आला आणि पुढची कित्येक वर्षं ती रात्र आम्ही त्याच्याकडून ऐकत राहिलो. आमची पाळी आली ती 1986 नंतर. त्या वर्षी फरहाद वाडियांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू केला. 15 ऑगस्टच्या आसपासचा मुहूर्त, वर उघडं आभाळ आणि ऐन पावसाळा. छत्री कुणी उघडत नसे, मागच्याला दिसणार नाही म्हणून. चिंब भिजलेली हजारो माणसं एकाच तालात डोकी हलवताहेत, हे दृश्य मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हाची एक गोष्ट आहे. आमच्या घरचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, एवढासा. त्याच्या स्पीकरमधून गिटार यायची, गायक यायचा, झांजा यायच्या. बेस गिटार मात्र जवळजवळ यायचीच नाही. रंगभवनला बेसवाल्यानं पहिली तार छेडली आणि तो स्वर पायाखालच्या फरशीतून वर चढत छातीत येऊन भिडला. जी गाणी तोंडपाठ आहेत असं वाटत होतं, त्यांच्या तळाशी आणखी एक गाणं सतत चालू होतं. घरी आल्यावर तीच कॅसेट लावली आणि न ऐकू येणारा बेस मनानं भरून घ्यायला लागलो. आजही तसंच होतं.

रंगभवनचा प्रेक्षक फार कडक. परदेशी बँडची गाणी वाजवा, म्हणून ओरडायचा आणि स्वतःचं काही वाजवू लागलात की हुर्यो उडवायचा. त्या गोंगाटापुढे ‘रॉक मशीन’ हा इथलाच बँड ठाम उभा राहिला. उदय बेनेगल गायला, महेश टिनईकर गिटारवर. 1988 साली त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला. आपल्यातली मुलं स्वतः गाणी लिहितात आणि ती दुकानात विकत मिळतात, याचा आम्हाला जो अभिमान वाटला, तो परदेशी बँडबद्दल कधीच वाटला नाही. पुढे 1993 मध्ये हाच बँड ‘इंडस क्रीड’ झाला.

कार्यक्रम संपला की मेट्रो सिनेमापासून व्ही.टी. स्टेशनपर्यंत धावत सुटायचं. शेवटची लोकल चुकली तर रात्र फलाटावर. गाडीत बसलो की ओल्या कपड्यांनी कुडकुडत, बाकावर बोटांनी ठेका धरत वाद सुरू. मुलुंड येईपर्यंत भांडण, ठाण्याला निम्मे उतरायचे, खाडीवरचा वारा लागला की उरलेल्यांना डुलकी. डोंबिवलीला उतरून घरी पोहोचलो की आई दार उघडायची. एक अक्षर बोलायची नाही, ताट वाढायची.

एप्रिल 1995 मध्ये खुद्द डीप पर्पल मुंबईला आले. दादरला गाडी बदलून अंधेरी गाठली. गिटारवाला रिची ब्लॅकमोर बँड सोडून गेलेला, त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स नवा. त्यामुळे धाकधूक होती. पण जॉन लॉर्ड ऑर्गनवर बसला आणि सगळ्या शंका मिटल्या. पेटीवर बोटं फिरवणारा एखादा बुजुर्ग साथीदार गायकाला जसा अलगद उचलून धरतो, तसा तो इयान गिलनला धरत होता. त्या रात्रीचं चित्रण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावानं प्रसिद्ध झालं. जॉन लॉर्ड 2012 साली गेला. मी त्याला समोर बसून ऐकलंय, हे माझं भाग्यच.

रंगभवनचे जलसे या शतकाच्या सुरुवातीला थांबले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांच्या आजूबाजूची 100 मीटरची जागा शांतता क्षेत्र ठरवली आणि रंगभवन त्यात सापडलं. रुग्णाची झोप मोलाची आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण तशी दुसरी जागा द्यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे ठाण्याला गडकरी रंगायतन आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. नाटकाला ही घरं मिळाली, फार चांगलं झालं. ठाण्या-कल्याणच्या पोराला बेस छातीत वाजेल असं एखादं खुलं मैदानही हक्कानं मिळायला हवं.

इंडस क्रीड 2010 मध्ये पुन्हा एकत्र आलं, 2012 मध्ये त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ अल्बम निघाला. सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. रंगभवनच्या मंचावर वाजवून गेलेल्या कित्येक बँडचा एकही अल्बम कधी निघाला नाही. त्यांची गाणी उरली असतील तर ती प्रेक्षकांत बसून छोट्या रेकॉर्डरवर कुणी तरी उतरवलेल्या कॅसेटमध्येच. तेव्हा श्रोतेहो, तुमच्या माळ्यावर, जुन्या बॅगेत अशी एखादी कॅसेट असेल तर रद्दीत टाकू नका. दमट हवेत फितीला बुरशी धरते, त्यामुळे आधी ती कोरड्या जागी ठेवा. मग ज्याच्याकडे चालू डेक असेल त्याला गाठा, संगणकावर उतरवून घ्या आणि तारीख, बँडचं नाव आठवत असेल तर सोबत लिहून ठेवा.