परदेशस्थ दांपत्य व कराचे विवरणपत्र



समजा, आपल्या ज्ञातीतील एखादी कन्या अमेरिकेची नागरिक झाली आणि जावईबापू वडूजलाच शेती पाहतात. तिने तेथील विवरणपत्रात पतीचे उत्पन्न दाखवावे काय? स्वतंत्र विवरणपत्र भरल्यास ते दाखवावे लागत नाही. संयुक्त भरण्याचीही मुभा आहे. दर हलके पडतात, म्हणून मोह होतो. परंतु मग उभयतांचे जगभरचे उत्पन्न मांडणे प्राप्त होते. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नास आयकर माफ. अमेरिकेत ती माफी नाही. १९८९ चा भारत-अमेरिका करार दुहेरी कर टाळण्यासाठी आहे. येथे कर भरलेलाच नाही, तर वजावट कशाची? कांद्याची पट्टी मोठी आलेल्या वर्षी हे विशेष जाचते. शिवाय हा पर्याय एकदा रद्द केला, की त्याच दांपत्यास तो पुन्हा घेता येत नाही.